सोलापुरी चादर ऑनलाइन विकतोय, पण कुरिअरच सगळं खाऊन टाकतंय. कोण कसं जमवताय?

चादरवाला_पोरगा
७ नोव्हेंबर, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. लई दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायची वेळ आली.

अशोक चौकाच्या मागं आमचे चार पॉवरलूम आहेत. नाना (माझे वडील) चाळीस वर्षं चादरच करतात. मी मागच्या दिवाळीपासून ऑनलाइन विकायला लागलो, आधी इन्स्टावर, मग एका ॲपवर, आता स्वतःची छोटी साइट पण काढलीय. ऑर्डरी येतात, त्याबद्दल तक्रार नाई. तक्रार हिशोबाची आहे, तो सांगतो, कुठं चुकत असेल तर दाखवा.

सिंगल चादर, जाड सुताची, पॅकिंगसकट १ किलो ४०० ग्रॅम. विक्री ७५०, मला पडते ४८० ला. म्हणजे २७० सुटले असं वाटतं. आता १० ऑर्डरी धरा, सगळ्या सीओडी (माल दारात आल्यावर पैसे), कारण आपल्याकडं आधी पैसे भरायला कोण तयारच नसतं. जायचं भाडं ९५ एकाला, १० चे ९५०. त्यातले ३ परत येतात. हो, तीन, घर बंद, फोन उचलला नाई, नको म्हणाले, कायपण. परतीचं भाडं ८० प्रमाणे २४०. उरलेल्या ७ वर सीओडी चार्ज ३५ प्रमाणे २४५. झाले १४३५. आणि ७ चादरींवर सुटले होते १८९०. म्हणजे हातात ४५५.

मागच्या महिन्यात परत आलेल्या तिनातली एक भिजून आली, वास यायला लागला होता तिला. ४८० गेले. म्हणजे सात चादरी विकून खिशातले २५ रुपये घातले मी 😀 हसू नका.

आणि अजून एक. डबल चादर मी घरी वजन केली २ किलो १००, तर २.५ चा स्लॅब लागायला पाहिजे. बिलात ३.५ लावलाय. विचारलं तर म्हणे व्हॉल्युमेट्रिक. हे नक्की काय प्रकरण आहे बे? चादर काय फुग्यासारखी आहे का?

---

खटपट्या
८ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

हिशोबात पिशवी, टेप, लेबल धरलंच नाईस. १५ रुपये एकाला धर, १० चे १५०. म्हणजे २५ नाई, १७५ घातलेस.

---

चादरवाला_पोरगा
८ नोव्हेंबर, सकाळी ७:३१

सकाळी सकाळी बरं वाटलं.

---

हब_वरचा
८ नोव्हेंबर, सकाळी ९:१८

मी दोन वर्षं एका कुरिअरच्या गोदामात होतो (नाव नको), म्हणून व्हॉल्युमेट्रिकचं सांगतो.

गाडीत जागा पण भरते आणि वजन पण भरतं, जे आधी भरेल त्याचे पैसे. म्हणून लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. बहुतेक सगळे ५००० नंच भागतात, तरी तुझ्या रेटकार्डवर एकदा बघून घे. आलेला आकडा आणि काट्यावरचं वजन, यातलं जे मोठं ते बिलात, आणि ते पण पुढच्या अर्ध्या किलोला नेऊन ठेवायचं.

तुझी डबल चादर तू घडी घालून ३८ बाय ३० बाय १० मोजली असशील. ११४०० भागिले ५००० म्हणजे २.२८, स्लॅब २.५. तुझं बरोबर. पण गोदामात माणूस टेप घेऊन मोजत नाई. पट्ट्यावरून पार्सल जातं, वर कॅमेरा असतो, तो सगळ्यात फुगलेल्या जागेचं माप घेतो. पोत्यात दाबून तुझं पार्सल मध्ये पोट काढून बसलेलं असतं. ४० बाय ३२ बाय १२ झालं की ३.०७, लागला ३.५. फक्त दोन दोन सेंटिमीटरचा खेळ आहे.

उपाय: पाठवायच्या आधी काट्यावर ठेवून आणि टेप लावून फोटो काढायचा, आकडे दिसले पाहिजेत आणि लेबल पण त्याच फोटोत दिसलं पाहिजे. वाद टाकायला ठरावीक दिवस देतात, ते गेले की संपलं. मी आत होतो तेव्हा फोटोवाल्यांचे पैसे परत जाताना बघितलेत. बिनफोटोवाले नुसते मेलवर मेल करत बसायचे.

आणि खोक्यात तर घालूच नको चादर. ४० बाय ३० बाय २० चं खोकं म्हणजे ४.८ किलो. हवा पाठवलालास तू भाडं भरून.

---

शेंगाचटणी_ताई
८ नोव्हेंबर, दुपारी १:५०

चादरवाला दादा, तुमचं निदान मोडत तरी नाही हो. मी चटणी आणि कडक भाकरी पाठवते. पहिल्या वर्षी नाशिकच्या एका काकूंना २५ भाकऱ्या पाठवल्या, त्यांचा फोन आला, "चुरा छान होता, दह्यात घालून खाल्ला." इतक्या गोड बोलल्या की मलाच रडू आलं.

तेव्हापासून भाकरी गोल डब्यात, खाली वर पुठ्ठ्याची चकती, आणि डबा हलवून बघायचा, आवाज आला की परत उघडायचा. चटणीला तेल सुटतं म्हणून आधी पिशवी सील, ती दुसऱ्या पिशवीत, मग बरणी. एका बरणीचं तेल लेबलावर गेलं की पत्ताच पुसतो, आणि मग ते पार्सल कुठं जातं देव जाणे.

पण मुख्य सांगायचं ते हे की मी सीओडी देतच नाही. पहिले चार महिने ऑर्डरी निम्म्यावर आल्या, जाऊबाई म्हणाल्या बंद कर. नाही केलं. आता ज्यांना पाहिजे ते पैसे आधी पाठवतात. खायच्या वस्तूला परत येऊन करायचं काय, परत आलेली चटणी मी दुसऱ्याला विकणार आहे का? आणि हो, एफएसएसएआय (अन्न सुरक्षेची) नोंदणी काढून घ्या कोणी खायचं विकत असाल तर. छोट्या धंद्याला वर्षाला १०० रुपये फी आहे, त्यात कंजूषी नको.

---

निवृत्त_डाकबाबू
८ नोव्हेंबर, रात्री ८:२२

सीओडी सीओडी काय लावलंय, जणू कालचाच शोध आहे. फ्लिपकार्टने २०१० मध्ये सुरू केलं ते सगळ्यांच्या लक्षात आहे, पण पोस्टात व्हीपीपी आहे १८७७ पासून. व्हॅल्यू पेएबल. पार्सलवर रक्कम लिहायची, पोस्टमन दारात पैसे घेणार, मग वस्तू हातात देणार, आणि ते पैसे मनीऑर्डरने पाठवणाऱ्याला. मासिकात मागे जाहिराती यायच्या त्या आठवा, औषधं, पुस्तकं, घड्याळं, "व्ही.पी.ने मागवा". सगळा ऑनलाइन धंदाच होता तो, फक्त लाइन नव्हती.

आणि न घेणारे तेव्हाही होते. सूचना द्यायची, सात दिवस ऑफिसात ठेवायचं, आला नाही तर परत. एक गृहस्थ (गाव सांगत नाही) दर दोन महिन्यांनी एकच घड्याळ मागवायचे आणि दर वेळी म्हणायचे, बायको नको म्हणते. पाचव्या वेळी मी त्यांना म्हणालो, अहो आधी बायकोला विचारा, मग पोस्टकार्ड टाका.

दुसरं, पिनकोड. लोकांना वाटतं ४१३ म्हणजे सोलापूर. ४१३००१ आपलं हेड पोस्ट, बरोबर. पण ४१३ मध्ये लातूर येतं, धाराशिव येतं, बारामती सुद्धा येते. पहिला आकडा विभाग, म्हणजे ४ मध्ये महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले तीन मिळून छाटणीचा जिल्हा, शेवटचे तीन म्हणजे नेमकं पोस्ट ऑफिस. शेवटचा एक आकडा चुकला तर पार्सल दुसऱ्या पेठेत जातं, पण दुसरा किंवा तिसरा चुकला तर दुसऱ्याच मुलखात जातं. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी माणूस, संस्कृतचे मोठे पंडित. कुरिअरवाले, ॲपवाले सगळे आज त्यांच्याच सहा आकड्यांवर धंदा करतात. एक पैसा रॉयल्टी नाही 🙂

चादरवाल्या, तू एकदा पोस्टात जाऊन पार्सलचे आणि बल्कचे दर विचार. खासगीवाल्यांचे नकाशे शहरात संपतात, आपली पोस्ट ऑफिसं देशात दीड लाखाच्या वर आहेत, त्यातली बहुतेक खेड्यात.

---

पेठेतला_पंटर
८ नोव्हेंबर, रात्री ९:१०

काका पोस्टाचं कौतुक ठीक आहे हो पण माझं रजिस्टर पत्र…

---

निवृत्त_डाकबाबू
८ नोव्हेंबर, रात्री ९:१४

रजिस्टर आता स्पीड पोस्टात विलीन केलं, २०२५ मध्ये. स्पीड पोस्टला पावतीवर रजिस्ट्रेशन मागून घ्यायचं, मग ज्याच्या नावाचं त्याच्या किंवा त्याने अधिकार दिलेल्याच्याच हातात देतात. तुमचं पत्र कुठं गेलं ते मला विचारू नका, मी २०१४ ला सुटलो.

---

दोनचाकी_बॉय
९ नोव्हेंबर, रात्री ११:५५

आत्ता घरी आलो, जेवलालो आणि टाइप करलालो, चुका माफ.

सगळे म्हणतात डिलिव्हरीवाला खोटं टाकतो, कस्टमर नॉट अवेलेबल. हो टाकतात. मी पण टाकलंय, खोटं कशाला बोलू. पण का ते ऐका. आम्हाला पार्सल दिलं तर पैसे, परत आणलं तर शून्य. बॅगेत ७०-८० पार्सल, मे महिन्यात आपल्या सोलापूरचं ऊन सगळ्यांना माहितीय, गाडीची सीट हात लावू देत नाई. आणि पत्ता काय लिहिलेला असतो, "मधला मारुतीजवळ". अहो मधला मारुतीजवळ अख्खी बाजारपेठ आहे! फोन केला तर नवीन नंबर म्हणून उचलत नाईत, आता फसवाफसवीचे फोन इतके येतात की त्यांचं पण चुकत नाई. तीन रिंग दिल्या, नाई उचलला, पुढं.

कुंभारीला रे नगरला जाऊन बघा एकदा. ३० हजार घरांची वसाहत आहे ती, २०२४ च्या जानेवारीत १५ हजार घरांच्या चाव्या दिल्या. सगळी घरं एकसारखी. पत्त्यात नुसतं "रे नगर" लिहिलं तर मी काय प्रत्येक दाराला विचारत फिरू? तिथं एका मावशीनं पत्त्यात लिहिलं होतं "दारात तुळस आणि निळं ड्रम". डायरेक्ट गेलो बगा, एक मिनिट लागला नाई. तसं लिहा पत्ता.

चादरवाला भाऊ, तुझ्या मालाचं अजून एक. सीओडीचं जड पार्सल आम्ही सगळ्यात शेवटी काढतो. चादर घेऊन तीन मजले चढायचं आणि वर गेल्यावर "साहेब घरी नाईत, पैसे त्यांच्याकडं आहेत". साडीचं पार्सल २०० ग्रॅम, खिशात घालून चढतो. पैसे दोन्हीला सारखेच मिळतात मला.

---

चादरवाला_पोरगा
१० नोव्हेंबर, सकाळी ६:४८

दोनचाकी भाऊ, हे मला कधी सुचलंच नव्हतं. रात्रभर तेच डोक्यात होतं.

म्हणजे बघा, सोलापुरी चादर कशासाठी प्रसिद्ध आहे? जड आहे, आणि फाटत नाई. आजीची चादर नातू पांघरतो. आणि नेमकं ते जडपणच ऑनलाइनला नडतंय. साडी २०० ग्रॅमला २००० ची जाते, आपली चादर दीड किलोला ७५० ची. किलोमागं धरलं तर आपल्यापेक्षा कांदा बरा.

काल रात्री नानांना म्हणलं, सूत जरा बारीक घेऊ, पिकं (आडवे धागे) कमी करू, किलोच्या आत बसवू, एक स्लॅब वाचतो. नाना तेलुगूत काय बोलले ते इथं लिहिता येत नाई. मग मराठीत म्हणाले, "मग चादर म्हणू नको त्याला, पडदा म्हण."

---

पुण्यातला_सोलापूरकर
१० नोव्हेंबर, सकाळी १०:३०

नानांना दंडवत!! मी पुण्यातून मागवलेली "सोलापुरी चादर" एकदा आली, किंमत ३९९, फ्री डिलिव्हरी, दोन धुण्यात गोळे आले, हात लावला तर पॉलिएस्टर, चर्र चर्र आवाज. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, म्हणजे कुठंही विणून सोलापुरी म्हणून विकता येत नाही, पण ॲपवर बघणार कोण. आणि आत्ता तुमचं वाचून ट्यूब पेटली, ३९९ ला फ्री डिलिव्हरी परवडते कशी, तर हलकी आहे म्हणून. खरी चादर त्या भावात पाठवताच येत नाही. मी आता वजन विचारतो आधी. ज्यानं वजन लिहिलं नाही त्याची घेत नाही.

---

खटपट्या
१० नोव्हेंबर, सकाळी १०:४१

चादरवाल्या हे वाच दोनदा. फोटोखाली वजन लिही मोठ्या अक्षरात. १ किलो ३०० ग्रॅम शुद्ध सूत, काट्यावरचा फोटो. तसेही काट्याचे फोटो तुला वादासाठी काढायचेच आहेत.

---

गणवेश_गाठी
१० नोव्हेंबर, दुपारी ४:०२

सगळे एक एक पार्सलचा विचार करताय. आम्ही गणवेशवाले, आमचा माल गाठीनं जातो. ट्रान्सपोर्टला टाकायचा, बिल्टी (मालाची पावती) घ्यायची, टू-पे असेल तर भाडं घेणारा भरतो. ५० हजारावर माल गेला की ई-वे बिल (माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद), महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखावर. हायवेवर बसलोय आपण, एकीकडं पुणं एकीकडं हैदराबाद, रात्री टाकली की सकाळी गाठ पोचते, किलोला कुरिअरच्या मानानं चिल्लर.

मग तुझ्या ऑर्डरी कुठनं येतात ते बघ. निम्म्या पुण्यातल्या असतील तर महिन्याला एक गाठ पुण्यात आत्याकडं टाक. आत्या असतेच प्रत्येकाची पुण्यात. तिथून लोकल रेटनं पार्सल जाईल, दुसऱ्या दिवशी पोचेल, आणि परत आलं तरी आत्याकडं येईल, ओळखीच्या माणसाच्या हातात, कोरडं. मोठ्या कंपन्या गोदामं घेतात ती याचसाठी.

---

हब_वरचा
१० नोव्हेंबर, दुपारी ४:३६

गणवेशवाल्यांना अनुमोदन. लोकांना वाटतं पार्सल सरळ जातं. नाई जात. सगळं आधी मोठ्या गोदामात गोळा होतं, तिथं छाटणी, मग फुटतं. इथून विजापूर १०० किलोमीटर, एसटीनं गेलो तर चहाला थांबून पण दुपारच्या आत पोचतो. पण मी होतो तिथं विजापूरचं पार्सल आधी पुण्याला जायचं, तिथून बंगळुरू, मग विजापूर. सहा दिवस. कारण राज्य बदललं की लाइन बदलते.

---

चादरवाला_पोरगा
१० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१५

ती भिजलेली चादर विजापूरचीच होती 🤦

---

पेठेतला_पंटर
१० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:००

काय बे एवढा कुटाणा. नवी पेठेत एक गाळा घे, गिऱ्हाईक येईल, हात लावून बघेल, पैसे देईल, चादर काखेत मारून जाईल. ना आरटीओ ना फारटीओ. (आरटीओ म्हणजे मला आधी गाडीचं वाटलं, रिटर्न टू ओरिजिन म्हणे.)

---

चादरवाला_पोरगा
१० नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२०

गाळ्याचं डिपॉझिट तू भरतोस का? चादर तिथं कोण घेतंय सांग, सोलापुरात प्रत्येकाच्या घरी दहा आहेत. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत पंधरा दिवस विकतो आम्ही, बाहेरगावचे येतात तेव्हाच.

---

वहीखाते
११ नोव्हेंबर, सकाळी ११:०८

थोडक्यात लिहिते. ते ९५, ८०, ३५ जीएसटी धरून आहेत का बघा. कुरिअरवर १८ टक्के आहे, नसेल धरला तर तुमच्या १४३५ वर अजून २५८ रुपये. जीएसटी नोंदणी असेल तर ते क्रेडिट मिळतं, म्हणजे तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होतं, बिल तुमच्या जीएसटी नंबरवर आलं पाहिजे पण. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना नोंदणीशिवाय ॲपवर विकता येतं ती सवलत फक्त राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांना. तुमची एक चादर जरी विजापूरला गेली तरी ते आंतरराज्य झालं, १०० किलोमीटर असो नाहीतर १०.

---

चादरवाला_पोरगा
११ नोव्हेंबर, दुपारी २:४४

विजापूर काय माझी पाठ सोडत नाई. नोंदणी आहे ताई. क्रेडिट मात्र कधी घेतलंच नाई. गेलं वर्ष वाया गेलं का सगळं?

---

वहीखाते
११ नोव्हेंबर, दुपारी ३:०१

नाही, मुदत आहे. ज्या आर्थिक वर्षाचं बिल, ते वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, जे आधी असेल ते. गेल्या आर्थिक वर्षाचं असेल तर तुमच्याकडे १९ दिवस आहेत. इथं टाइप करत बसू नका, बिलं शोधा.

---

चादरवाला_पोरगा
२ डिसेंबर, रात्री १०:२६

वर काढतोय धागा. काय काय केलं ते सांगतो, ताईंच्या १९ दिवसांसकट. बिलं सापडली, दोन सोडून.

सीओडी बंद नाई केलं, चटणीताईंएवढी हिंमत नाई माझी. १०० रुपये आधी, बाकी दारात. आणि ऑर्डर आली की मी स्वतः फोन करतो, "नमस्कार, सोलापुरातनं बोलतोय, चादर पाठवू का?" निम्मे लोक एवढ्यावरच खूष होतात, गप्पा मारतात, एका आजोबांनी वीस मिनिटं सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांचं सांगितलं. ऑर्डरी कमी झाल्या, महिन्याला ६० होत्या त्या ४१ झाल्या. पण ४१ मधल्या परत आल्या ३. आधी ६० मधल्या १८-१९ यायच्या. तुम्हीच करा हिशोब, माझा चुकतो.

पत्त्याच्या रकान्याखाली लिहिलंय: "दारात काय दिसतं ते लिहा." लोकांची उत्तरं वाचायला मजा येते. "पांढरी मांजर, असली तर."

पॅकिंगला व्हॅक्यूमची पिशवी करून बघितली. चादर चपटी होते, पोट सुटत नाई, व्हॉल्युमेट्रिकचा विषय संपला, पण वजन ते वजनच. टॉवेलला नाई जमत, लूप दबून पापडासारखा होतो, धुतल्यावर फुलतो पण उघडल्या उघडल्या गिऱ्हाईकाचं तोंड बघण्यासारखं होतं.

पुण्यात आत्या नाई, मावशी आहे. ३० चादरींची गाठ परवा गेली. मावशी म्हणाली दिवाणाखाली जागा आहे, पण भाडं म्हणून डबल चादर पाहिजे एक.

आणि भाव ८२० केला, खाली वजन लिहून. नानांनी स्वतः काट्यावर ठेवली फोटोसाठी, तीन वेळा, काटा थरथरायचा थांबेपर्यंत.

---

पुण्यातला_सोलापूरकर
२ डिसेंबर, रात्री १०:५८

लाल-पांढरी मोराची डबल आहे का? दोन पाहिजेत, एक आईला. १०० नाही, सगळेच आधी पाठवतो. पत्ता मेसेज केलाय. उद्या निघेल का?

---

चादरवाला_पोरगा
२ डिसेंबर, रात्री ११:१०

आहे. मावशीकडनं उद्याच निघेल दादा. फक्त पिनकोड परत पाठवा, तुम्ही पाचच आकडे लिहिलेत.

---

निवृत्त_डाकबाबू
२ डिसेंबर, रात्री ११:१२

😡